ओठांवरचा शब्द

वाचकहो, असा प्रसंग तुमच्यावरही कधी ना कधी आलाच असेल. लग्नाच्या मांडवात समोरून एक गृहस्थ हसत हसत येतात. चेहरा ओळखीचा, चष्मा ओळखीचा. त्यांच्या मुलीच्या बारशाला आपण चांदीची वाटी दिली होती हेसुद्धा आठवते. पण नाव? नाव काही केल्या आठवत नाही. अगदी ओठांवर असते, पण ओठांतून बाहेर पडत नाही. शेवटी "काय, बरे आहे ना सगळे?" एवढ्यावर वेळ मारून न्यावी लागते. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तेच नाव न बोलावता हजर!

आपले हे हाल पाच मिनिटांचे. पण ताटाला ताट, पाण्याला पाणी आणि बायकोला तिच्या नावाने हाक मारायची म्हटली तरी शब्द असाच ओठांवर येऊन माघारी जाऊ लागला तर? आमच्या घरात गेली सहा वर्षे हे चालले आहे. ती हकीकत दिवाळीच्या अंकात सांगतो आहे, कारण तिची सुरुवातही दिवाळीतच झाली.

आमचे दादा नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. ज्यांनी आमचे गाव पाहिलेले नाही त्यांना सांगतो, हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली मिरची वाळत टाकली की नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल दिसते आणि नवखा पाहुणा स्टेशनपासूनच शिंकायला लागतो. दादांनी चाळीस वर्षे त्या पथाऱ्यांवर काढली. शेतकऱ्यांशी अहिराणी, सुरतेच्या व्यापाऱ्यांशी गुजराती, घरात मराठी आणि रागावले की तिन्ही एकदम! मी धाकटा, पेशाने मराठीचा मास्तर. शब्दांचा धंदा माझा. पण बोलण्यात दादांपुढे माझे कधी चालले नाही.

त्या नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता वहिनींनी पाट मांडला होता, तेल कोमट केले होते. दादा पाटावर बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "कुलूप दे."

"अहो, कुलूप कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"कुलूप गं! ते... अंगाला... कुलूप!"

पोरे खो खो हसली. नात तर धावत जाऊन खरेच दुकानाचे कुलूप घेऊन आली. मीही हसलो. दादा मात्र हसले नाहीत. उटण्याच्या वाटीकडे बोट दाखवून ते आमच्याकडे असे पाहत राहिले, की चूक आमचीच आहे. सणाच्या घाईत कोणी ते मनावर घेतले नाही. फराळाला बसलो आणि दादांच्या उजव्या हातातली चकली गळून पडली, तेव्हा घड्याळात साडेनऊ वाजले होते.

गाडी करून सुरतेला नेले. मेंदूचे छायाचित्र काढले. डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुरुवात किती वाजता झाली?" मी म्हणालो, "साडेनऊला." वहिनी हळूच म्हणाल्या, "नाही भाऊजी, पाचला. कुलूप मागितलं तेव्हाच." डॉक्टरांनी मान हलवली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके चांगले. काही निवडक रोग्यांची गुठळी मोठ्या रुग्णालयात नळी घालून त्यानंतरही काढता येते, पण दादा त्यांत बसत नव्हते. आमचे ते साडेचार तास हसण्यात आणि फराळात गेले होते.

म्हणून पहिली गोष्ट आधी सांगतो, बाकीचा लेख नाही वाचलात तरी चालेल. चांगल्या बोलत्या माणसाने अचानक भलताच शब्द वापरला, त्याचे बोलणे अडखळले, समोरच्याचे त्याला कळेनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तर यांपैकी एक गोष्टसुद्धा पुरेशी आहे. हसू नका, झोपवू नका, साखरपाणी पाजत बसू नका. घड्याळ पाहा आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

दादांचा जीव वाचला. पाय हळूहळू चालू लागला, हातही थोडा वळू लागला. शब्द मात्र हरवले. डॉक्टरांनी कागदावर नाव लिहून दिले : वाचाघात.

मास्तर असूनही मला हा शब्द ठाऊक नव्हता. मला वाटे, बोलता येत नाही म्हणजे जीभ जड झाली. शेजारच्या आजींनी वेखंड उगाळून मधातून चाटवायला सांगितले, कोणी अक्कलकारा आणून दिला. आम्ही तेही केले. पण दादांची जीभ धडधाकट होती. घास नीट गिळत होते. गणपतीत सगळ्यांबरोबर आरतीसुद्धा ठणठणीत म्हणाले! दोष जिभेत नव्हताच.

मग तो कुठे असतो? या प्रश्नाचा मागोवा फार जुना आहे. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात कित्येक वर्षे एक रोगी होता. त्याला काहीही विचारले तरी तो 'तान, तान' एवढेच म्हणे. त्याचे नावच 'तान' पडले होते. सांगितलेले त्याला बरेचसे समजे. १८६१ साली तो वारला, तेव्हा पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूचा, कपाळामागचा भाग बिघडलेला आढळला. पुढे १८७४ साली जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारचे रोगी दाखवून दिले. ते घडाघडा बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना कळत नसे. त्यांच्या मेंदूतली बिघाडाची जागा डावीकडेच, पण मागे कानाच्या वरच्या बाजूला होती. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात राहते, हे तेव्हापासून ध्यानात आले. त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले. भाषा अशी एकदोन खोल्यांत कोंडलेली नसते, साऱ्या वाड्यात तिची ये-जा असते, हेही कळले. पण वाचाघाताचे प्रकार कितीही असोत, एक तक्रार जवळजवळ प्रत्येकात असते : हवा तो शब्द हव्या त्या वेळी सापडत नाही.

आमच्या दुकानातले उदाहरण देतो. गोदामात माल भरपूर आहे, मालकाला कोणता माल हवा तेही ठाऊक आहे, पण आत जाणारा हमाल वाट चुकतो. कधी रिकाम्या हाताने परत येतो, कधी शेजारचेच पोते उचलून आणतो. म्हणजे चमचा म्हणायचा तर 'वाटी' येते. कधी 'चमचा'चा 'मचचा' होतो. आणि कधी कुठलेच नाते नसलेले 'कुलूप' येते. तेवढ्याने गोदाम रिकामे झाले असे होत नाही आणि मालक वेडाही ठरत नाही.

अमेरिकेतले थोर लेखक इमर्सन यांना उतारवयात असेच होऊ लागले होते. त्यांना छत्री हा शब्द सुचेना, तेव्हा तिचे नाव सांगता येत नाही पण इतिहास सांगतो, परके लोक ती घेऊन जातात, अशा अर्थाचे ते बोलले! १८८२ साली कवी लाँगफेलो यांच्या अंत्यविधीला ते गेले. हा माणूस फार गोड होता एवढे त्यांना उमजत होते. जन्मभराच्या मित्राचे नाव मात्र आठवत नव्हते. त्यांचा हा विसर हळूहळू वाढत गेलेला होता. असा हळूहळू वाढणारा विसर आणि दादांचा अचानक आलेला घाव या दोन वेगळ्या गोष्टी. दोहोंची तपासणी वेगळी, उपचार वेगळे. वयोमानाने एखादे नाव विसरणे आणि मागाहून आठवणे यात घाबरण्यासारखे काही नाही. पण शब्द महिन्यामहिन्याला कमी होत असतील, किंवा किल्लीचे नावच नव्हे तर किल्ली कशासाठी असते हेच आठवत नसेल, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे. लहान मूलही सदान्‌कदा 'ते', 'हे', 'ते नाही का' असेच बोलत असेल, तर 'मठ्ठ' म्हणून पाठीत धपाटा घालण्याआधी त्याचे कान आणि भाषा तपासून घ्यावी. माझ्या नोकरीत असे धपाटे मीही घातले आहेत. आता वाईट वाटते.

सुरतेला वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई भेटल्या. आपल्या देशात या विद्येची मोठी संस्था मैसूरला १९६५ साली निघाली. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ सालची. आमच्यासारख्या दूरच्या जिल्ह्यात असे तज्ज्ञ विरळाच. आमचा नंदुरबार जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला. अक्राणीच्या डोंगरातल्या माणसाला नंदुरबार गाठायचे म्हणजेच एक दिवस जातो. म्हणून बाईंनी तोड काढली : महिन्यातून एकदा रेल्वेने सुरत, आठवड्यातून दोनदा मोबाइलवर समोरासमोर धडा आणि रोज घरी अर्धा-पाऊण तास वहिनींनी घ्यायचा अभ्यास.

पहिला प्रश्न भाषेचा. बाईंनी विचारले, "यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं?" मी मास्तर, ताबडतोब म्हणालो, "शुद्ध मराठीत." बाई हसल्या. त्यांनी दादांना तिन्ही भाषांत तपासले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये यावर दोन मते निघाली होती. रिबो म्हणत, आईकडून शिकलेली भाषा आधी परत येते. पित्र म्हणत, आजारापूर्वी जी जास्त वापरात होती ती. प्रत्यक्षात माणसागणिक फरक पडतो. आमच्याकडे निकाल नवापूर स्टेशनवर लागला. त्या स्टेशनातून राज्याची सीमा जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. परतीच्या गाडीत आमच्या मुलाने फलाटावर उतरून चहा घेतला आणि गाडी हलू लागली. दादा खिडकीतून ओरडले, "आंडोर! आठे ये!" मुलगा, इकडे ये! दीड महिन्यातले दादांचे ते पहिले सबंध वाक्य होते आणि ते होते अहिराणी. डब्यातले लोक बघत राहिले. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि आमचे चिरंजीव धावत्या गाडीत कसेबसे चढत होते. त्या दिवसापासून घरात अहिराणीला मान मिळाला. त्यातून मराठीही मागोमाग आली.

अभ्यास कसा चाले ते सांगतो, म्हणजे कुणाच्या उपयोगी पडेल. समोर वस्तू ठेवायची, समजा मिरची. नाव लगेच विचारायचे नाही. तिच्याभोवती फिरायचे. खायची की नेसायची? रंग कोणता? कुठे वाळते? कशात घालतात? खाल्ल्यावर काय होते? मेंदूत शब्द एकटा नसतो, सगेसोयरे घेऊन राहतो. चार नातेवाइकांची दारे ठोठावली की पाचव्या दारातून तो स्वतःच डोकावतो. तरीही आला नाही तर वाक्य अर्धे सोडायचे : "ठेच्याला हवी हिरवी..." तरीही नाही, तर पहिले अक्षर द्यायचे : "मि..." तेही पुरले नाही तर लिहून दाखवायचे. सर्वांत शेवटी शब्द आपण म्हणायचा आणि त्यांना म्हणायला लावायचा. आधी थोडी मदत, मग वाढती, सावकाश.

काही गोष्टी मजेच्या दिसत. दादा एक ते शंभर घडाघडा मोजत, वार म्हणत, पाढे म्हणत. पण "मुले किती?" विचारले तर 'तीन' सापडेना. मग बोटे मोडत "एक, दोन, तीन" म्हणत तिथे पोचायचे आणि थांबायचे. पाठ झालेले बोलणे आणि जुळवून केलेले बोलणे यांच्या वाटा निराळ्या. गाण्याचेही तसेच. बोलता न येणारे पुष्कळ रोगी गाऊ शकतात. त्यावरून १९७३ साली अमेरिकेत चालीवर बोलायला शिकवण्याची एक रीत निघाली. काहींना ती लागू पडते. मात्र आरती म्हणता आली म्हणजे चहा मागता येईलच असे नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

वहिनींचे दुःख वेगळे होते. दादांना त्यांचे नाव येईना. जन्मभर त्यांनी दादांना 'अहो' म्हटले, नाव घेतले ते उखाण्यातच. आता दादांची पाळी आली तर नाव नाही. कधी 'माय', कधी 'कुलूप'. एका संध्याकाळी वहिनींनी काय केले, लग्नात दादांनी घेतलेला उखाणा म्हणायला सुरुवात केली आणि शेवटच्या शब्दाआधी थांबल्या. दादांचे ओठ हलले, आणि यमकाच्या ओढीने नाव बाहेर पडले! मी बाईंना फोनवर सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, हाच तर आमचा उपचार. तुमच्या आज्यांना तो आधीपासून ठाऊक होता." मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नुसते नाव विचारले, तर पुन्हा कोरी पाटी. सहज हाक मारायला आणखी तीन महिने गेले.

आता ज्या गोष्टीची मला लाज वाटते, ती सांगतो. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे आम्ही हळूहळू धरून चाललो होतो. मी दादांशी मोठ्याने बोलायचो, जणू ते बहिरे झाले आहेत. पाहुण्यांनी "तब्येत कशी?" विचारले की उत्तर मी द्यायचो. पेठेत कुजबुज होती, "भाऊंचे डोके गेले." पुतण्याने कर्ज फेडायला पथारीची जागा विकायचे ठरवले, कागद तयार झाला, सही करायला दादांना बसवले. दादांनी लेखणी टाकली. "कुलूप! कुलूप!" म्हणून कागदावर हात आपटू लागले. पुतण्या म्हणाला, "काका, यांना आता कळत नाही. अंगठा घेऊ." आणि मी 'हो' म्हणणार होतो.

वहिनी पुढे आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या व्यवहारात बोलल्या. "थांबा. मला विचारू द्या." त्या दादांसमोर बसल्या. "पैशांचं काही?" दादांनी मान नाही अशी हलवली. "जागेचं?" होकार. "विकायची नाही?" नकार. "कागदात चुकलं?" होकार, होकार! वहिनींनी पाटी दिली. दादांनी डाव्या हाताने चौकोन काढला, शेजारी विहीर काढली आणि पूर्वेकडून विहिरीपर्यंत रेघ ओढली. मी कागद पुन्हा वाचला. चतुःसीमेत पूर्वेची वाट लिहायचीच राहिली होती. मागच्या वस्तीतल्या बायका त्याच वाटेने पाण्याला येतात; तसा शब्द दादांनी वीस वर्षांपूर्वी त्यांना दिला होता. आमच्यापैकी तो कुणाच्याही लक्षात नव्हता. ज्याचे 'डोके गेले' होते, त्याच्या लक्षात होता!

कागद दुरुस्त झाला, मगच दादांनी डाव्या हाताने सही केली. पुतण्या पाया पडला. मी पडलो नाही, पण त्या रात्री झोप आली नाही.

कायद्याची बाजू सांगतो. करार करण्याच्या वेळी माणसाला तो समजत असावा आणि आपले हित-अहित त्याला ठरवता यावे, एवढेच १८७२ चा करार कायदा मागतो. अस्खलित बोलावे असे त्यात कुठे नाही. आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यात ज्या २१ दिव्यांगता मोजल्या आहेत, त्यांत वाचा व भाषा दिव्यांगता आहे. कायमचा वाचाघात तिच्यात येतो. ते प्रमाणपत्र मागायला संकोच करू नये.

आणि शब्द गेले म्हणून माणूस संपतो असेही नाही. स्वीडनचे कवी टोमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० साली असाच झटका आला, वाचा बहुतेक गेली. उजवा हात निकामी झाला तेव्हा ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले, लिहीत राहिले. २०११ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

घरच्यांसाठी बाईंनी सांगितलेले चार नियम आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून लावलेले आहेत. रेडिओ-टीव्ही बंद करून समोर बसून बोला. एका वेळी एकच, छोटी गोष्ट बोला. पण लहान मुलाशी बोलावे तसे नको. शब्द सुचेना तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, घाईने त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. आणि हात, चित्र, पाटी, मान कशानेही सांगितले तरी ते बोलणेच समजा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते हे खरे. पण नंतर दार बंद होते हे खरे नाही. दादांना चौथ्या वर्षी नवे शब्द मिळाले आहेत. सगळे मात्र मिळाले नाहीत, आणि मिळतील असे आश्वासन बाईंनीही कधी दिले नाही.

गेल्या दिवाळीची गोष्ट सांगून थांबतो. पहाटे पाच. पाट, तेल, समई. वहिनी वाटी हातात घेऊन मुद्दाम थांबल्या. "काय देऊ?" सगळे घर गप्प. दादांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. मी मनात मोजत होतो. सहा, सात, आठ...

"कुलूप," दादा म्हणाले.

आणि स्वतःच मोठ्याने हसले. मग बोट हलवून म्हणाले, "नही, नही. ते... वास. पहाटचा वास. अंगाला." आणि हात पुढे केला.

वहिनींनी उटण्याची वाटी त्यांच्या हातात दिली. यंदाही पाच वाजता आम्ही सगळे मोरीपाशी गोळा होणार आहोत. शब्द येईल की कुलूप, ते बघू. आम्हाला घाई नाही.